खालचं नाव तसंच राहू दे

नांदेडच्या दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात गौतमच्या बायकोचा, सुजातावहिनींचा फोन आला. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाल्या. लातूरला तास घ्यायला निघालेला गौतम अहमदपूरच्या बसस्टँडवर बाकड्यावर टेकला आणि बसलेलाच राहिला. त्याची बस आली, भरली, निघून गेली... खिशात कॉलेजचं ओळखपत्र होतं, म्हणून पोलिसांनी आधी कॉलेजला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं, ते आमच्या कायम स्टाफवर नाहीत, घरच्यांना कळवा. हे मला नंतर कळलं. अजूनही ते वाक्य गिळता येत नाही.

गौतम आणि मी नांदेडला एका वर्गात कॉम्प्युटर शिकलो. दोघांच्याही घरात कॉलेजची पायरी चढलेलं आमच्या आधी कुणी नव्हतं, आणि त्याची आम्हाला लाज नव्हती, माजच होता. पुढे मी सॉफ्टवेअरचं छोटं दुकान टाकलं. तो लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागला. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. दर वर्षी नवी ऑर्डर, दर वर्षी तेच आश्वासन. मग एकदा संस्थेच्या सचिवांनी त्याला बोलावून सांगितलं, "तपासणी समिती येणार आहे. जुन्या विद्यार्थ्यांचे निकाल वेबसाइटवर दिसले पाहिजेत. तेवढं करा, कायमची जागा तुमचीच." गौतमनं त्या शब्दावर विश्वास ठेवला.

कॉलेजचा जुना डेटाबेस अण्णांनी, म्हणजे निवृत्त हेडक्लार्कांनी उभा केलेला. रकान्यांना नावं त्यांनी तोंडाला येतील तशी दिली होती. एका नावात मधेच मोकळी जागा. एकाचं नाव 'क्लास', तो शब्द प्रोग्रामिंगच्या भाषेनं स्वतःसाठी राखून ठेवलेला. आणि गुणांच्या दोन रकान्यांच्या नावांत थेट टक्क्याचं चिन्ह. वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर बांधायची, त्या नव्या वेब फ्रेमवर्कला ते चिन्ह दिसलं की वाटायचं, इथे कुणीतरी किंमत भरणार आहे. किंमत काही यायची नाही आणि पान कोसळायचं. तो माझ्या दुकानात लॅपटॉप घेऊन आला.

"नावं बदलून टाक ना," मी म्हटलं.

"बदलतो की. ऑफिसातला जुना प्रोग्राम ह्याच नावांवर चालून राहिला. उद्या तो बसला की खिडकीवर टीसीसाठी पोरं उभी राहतील. तू येतीस का हातानं लिहून द्यायला?"

"मग कर काय करायचं ते. मला कशाला विचारतोस?"

"चहा पाजतीस म्हणून येतो. विचारायला कोण आलंय?"

त्यानं मूळ तक्त्याला हात लावला नाही. फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक रकान्याला सुटसुटीत नाव दिलं आणि खाली सांगून ठेवलं, याचं जुनं नाव अमुक. टक्केवाल्या रकान्यांचं एवढ्यानं भागेना, म्हणून डेटाबेसातच तक्त्यावर एक व्ह्यू बसवला. खिडकीच म्हणा, बाहेरून साधं नाव दिसतं, आत जुनंच. पण टक्क्यांचे रकाने दोन का, हे कळेना. दुसरा कुणी असता तर पहिला उचलून मोकळा झाला असता. हा एसटीनं देवणीला गेला, अण्णांच्या घरी. मला तिथली नावाजलेली देवणी गुरं बघायची होती म्हणून मीही सोबत गेले. अण्णा म्हणाले, "पहिला पुरवणी परीक्षेच्या आधीचा, दुसरा नंतरचा. पहिला दाखवशील तर पास झालेलं लेकरू जगाला नापास दिसंल बघ." मग हळूच विचारलं, "कायम केलं का तुला?"

"ह्या वर्षी होतंय, अण्णा."

"हाव. मला बी दर साली असंच सांगायचे," अण्णा म्हणाले आणि गोठ्याकडं बघत बसले.

समिती आली. पडद्यावर निकाल झरझर उमटले. सचिवांनी हार घालून घेतला. मग मुलाखती झाल्या. मी फोन केला, "झालं का?" तो म्हणाला, "झालं. दुसऱ्याचं झालं." दुसरा म्हणजे सचिवांचा भाचा. मी चिडून म्हटलं, लाथ मार त्या कॉलेजला, इकडं ये, दुकान दोघांचं करू. तो म्हणाला, "बापानं गावभर सांगितलंय कांता, पोरगं प्राध्यापक हाय. त्यांना कसं खोटं पाडू?" आणि तासांवर जातच राहिला. याचा मला त्याच्यावरही राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात... कुणाला शिकवता?

भाच्यानं आल्या आल्या वेबसाइटची आवराआवर काढली. "कसली गावंढळ नावं" म्हणत मूळ तक्त्यातलेच रकाने बदलले. ऐन जूनमध्ये टीसीची खिडकी बंद पडली, वेबसाइटही गेली. मग गौतमला फोन. दोन दिवस बसून त्यानं सगळी नावं होती तशी केली. त्या दिवसांचे तास बुडाले, तेवढा पगार कापला गेला. तक्रार कर म्हटलं तर हसला. "पोरांच्या हातात टीसी पडली ना, बस झालं." त्याचं हे बस झालं मला कधीच पटलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांतच तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अहमदपूरला गेले. सचिव आले होते. "संस्थेचा आधारस्तंभ कोसळला," असं माइकवर बोलून, जेवणाला न थांबता गाडीत बसले. मांडव रिकामा झाल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मोबाइल पुढे केला. कॉलेजच्या वेबसाइटचं पहिलं पान. तिथं स्टाफच्या यादीत फक्त कायम माणसं येतात, म्हणून त्यानंच उभ्या केलेल्या त्या वेबसाइटवर त्याचं नाव कधी नव्हतं. आता मधोमध त्याचा फोटो होता, भोवती काळी चौकट, आणि खाली लिहिलं होतं, प्रा. गौतम यांना भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली तारीख होती, तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

वहिनींनी त्या 'प्रा.'वर बोट ठेवलं.

"हे कधी केलं, ताई?"

त्यांनी पदरानं स्क्रीन पुसली.

"मामंजींना दाखवते," म्हणाल्या. "त्यांना तारीख वाचता येत न्हाई."