आबांचा कुत्रा आणि रविवारचा क्लास

सोसायटीच्या अध्यक्षांनी मला गेटवरच अडवलं. मी मिरजेच्या दवाखान्यातून नर्सची ड्यूटी संपवून आले होते, पायांत गोळे आले होते, हातात भाजीची पिशवी होती. म्हणाले, "मॅडम, तुमचा कुत्रा पोरांना कोपऱ्यात कोंडतो. त्याला कुठंतरी ट्रेनिंग द्या, नाहीतर गावाकडं सोडून या. लोक तक्रारी करायला लागलेत."

कुत्रा माझा नव्हता, आबांचा होता. आबा म्हणजे माझे वडील. जत तालुक्यात त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. कमरेचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यावर चालणं तुटलं, तेव्हा मेंढरं चुलतभावाच्या हवाली केली आणि मी त्यांना सांगलीला घेऊन आले. माझा नवरा विट्याचा, सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यासाठी तिकडं दक्षिणेत असतो, वर्षातून दोनदा येतो. मुलगी पुण्याला नोकरीला. घरात मी एकटीच, तळमजल्याचा फ्लॅट, आबांना सोयीचा. आबा एका अटीवर आले. कुत्रा सोबत पाहिजे. तसा म्हातारा नव्हता तो, पण दोन्ही कानांच्या कडा फाटलेल्या, एका पायावर लांडग्याच्या दातांची खूण. आबा त्याला 'गड्या' म्हणायचे, जसं कुणाही दोस्ताला म्हणावं तसं.

आता या गड्यानं काय केलं होतं? पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळायची. पोरं पांगली की हा उठायचा, मोठी चक्कर मारून मागून यायचा आणि सगळ्यांना मेंढरांसारखं हळूहळू लिफ्टजवळच्या भिंतीशी आणून उभं करायचा. चावला नाही, भुंकला नाही. एक पोरगं घाबरून पळताना पडलं, गुडघा खरचटला. त्याला ड्रेसिंगही मीच केलं. तरी माझंच चुकलं.

क्लास सापडला तो एका मंगल कार्यालयाच्या मागच्या मैदानावर. दर रविवारी सकाळी. सगळ्या वयाचे, सगळ्या जातींचे कुत्रे चालतील, असं फोनवर सांगितलं होतं. पहिल्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून तयार झाले. लग्नाला निघाल्यासारखे. म्हणाले, "गुरुजींम्होरं नीट दिसाय पायजे की."

गुरुजी म्हणजे पस्तिशीचा एक माणूस. गळ्यात शिट्टी, अंगात ट्रॅकसूट, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं कुत्र्यांकडं एकवार बघितलं आणि दोन रांगा केल्या. पुढच्या रांगेत इस्लामपूरहून मोटारीनं येणाऱ्या एका बाईंचा सोनेरी केसांचा मोठा कुत्रा, एक अल्सेशियन, दोन लॅब्रॅडोर. मागच्या रांगेत बाकीचे. हाक मारली की जागीच मुतणारं एक पिल्लू, एका डोळ्यानं आंधळं झालेलं पांढरं पॉमेरियन, नर्सिंग कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं रस्त्यावरून उचललेली तीन पायांची कुत्री, आणि आमचा गड्या.

"मागची जनरल बॅच," तो हसत म्हणाला. "यांच्याकडून जास्त अपेक्षा नाहीत. पुढच्यांचं बघा आणि जमेल तेवढं करा."

मला तिथंच राग आला होता. आम्ही पैसे सारखेच भरले होते म्हणून नव्हे. त्या तीन पायांच्या कुत्रीला त्यानं हातसुद्धा लावून बघितला नव्हता, म्हणून. दवाखान्यात पेशंटच्या अंगाला हात न लावता फाईलवर शेरा मारणारे लोक मी रोज बघते. हा त्यांच्यातलाच वाटला. पण आबांची हौस मोडायची नव्हती.

हुकूम सगळे इंग्रजीत. सिट, स्टे, हील. आबांचा गड्या जतच्या सीमेवर वाढलेला. त्याला 'बा' म्हटलं की यायचं कळायचं, 'निल्लू' म्हटलं की तो जागीच थांबायचा. तिकडं निम्मी बोली कानडीच. आबांनी आपल्या सवयीनं 'निल्लू' म्हटलं आणि गड्या दगडासारखा उभा राहिला. मला बरं वाटलं. शिट्टीवाला मात्र लांबून ओरडला, "बाबा, ती भाषा इथं नको. बाकीचे डॉग कन्फ्यूज होतात."

"व्हय सायेब," आबा म्हणाले.

सायेब! ज्या माणसानं माळरानावर फॉरेस्टच्या लोकांनाही अरे-तुरे केलं, तो आपल्या निम्म्या वयाच्या पोराला सायेब म्हणत होता. मी आबांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मग आठवडाभर रोज संध्याकाळी आबा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि गड्याला शिकवायचे. "शीट! शीट!" त्यांच्या जिभेला 'सिट' येत नव्हतं. पोरांना चेव आला. जिन्यात, लिफ्टमध्ये, गॅलरीतून, जिथं तिथं 'शीट, शीट'. आबांना वाटायचं, पोरंही कुत्र्याला शिकवायला मदत करताहेत. मला म्हणाले, "लय गुणी पोरं हायती गं." मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं इतक्या जोरात आपटलं की त्याला पोचा पडला.

मी म्हटलं, "आबा, आपण नको जायला तिकडं. मी बघते सोसायटीचं."

"न्हाई. जायाचं." बास, एवढंच.

मग तो रविवार आला. त्या दिवशीचा धडा 'स्टे'चा. सगळे कुत्रे ओळीनं बसवायचे, मालकांनी लांब जाऊन वेगवेगळ्या दिशांना उभं राहायचं आणि हाक मारेपर्यंत कुत्र्यानं हलायचं नाही. आबा काठी टेकत टेकत चिंचेच्या झाडापर्यंत गेले. इस्लामपूरच्या बाई गेटकडं गेल्या. नर्सिंगची मुलगी उलट्या बाजूला. माणसं अशी मैदानभर पांगली आणि गड्याला ते सहन झालं नाही. तो उठला. मोठी चक्कर मारून गेला आणि गेटपासून सुरुवात केली. बाईंच्या गुडघ्याला नाकानं ढुशी देऊन त्यांना मैदानाच्या मध्याकडं आणायला लागला.

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या, त्यांनी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. तीन पायांची कुत्री तेवढी जागची हलली नव्हती, सांगितल्याप्रमाणं बसून होती. तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

शिट्टीवाला मात्र हसला नाही. त्याचा धडा मोडला होता. त्यानं पिशवीतून साखळी काढली. ओढली की गळ्याभोवती आवळणारी. ती गड्याच्या गळ्यात घातली आणि आबांना बोलावून दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.

"बाबा, बसवा त्याला. नाही बसला तर झटका द्या. जोरात."

"शीट," आबा म्हणाले. गड्या त्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

"झटका!"

आबांनी साखळी ओढली. गड्या खोकला. बसला नाही.

"मालक तुम्ही आहात की तो? सगळे बघताहेत, बाबा."

मी पुढं निघाले होते. पोचले नाही. आबांनी हातातली काठी उचलली आणि गड्याच्या तोंडावर मारली. लांडग्यावर उगारायची काठी ती. आवाज मला मैदानाच्या या टोकाला ऐकू आला. गड्या ओरडला नाही. पोट जमिनीला लावून चपटा झाला आणि त्याच्या खालची माती ओली झाली.

"शाब्बास!" शिट्टीवाला म्हणाला. "आता कळलं त्याला." आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. मग आणखी दोघा-तिघांनी वाजवल्या.

माझ्या उभ्या आयुष्यात मी आबांना कुत्र्यावर हात उगारताना बघितलं नव्हतं. आम्हा भावंडांवर उगारला असेल, कुत्र्यावर कधीच नाही.

मी त्या साखळीचा हूक काढायला लागले तर तो निघेना. शेवटी नर्सिंगच्या मुलीनं येऊन काढला. साखळी मी त्या माणसाच्या पायाशी फेकली. "टाळ्या कशाच्या वाजवताय?" मी ओरडले. "मुक्या जनावरानं भीतीनं अंगाखाली केलं, त्याच्या? माझ्या बापाला तुम्ही भर मैदानात नाचवलंत, त्याच्या?"

"मॅडम, शांत व्हा. हे सायन्स आहे."

मी काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. जतच्या बायका पाण्याच्या टँकरपुढं जी भाषा वापरतात ती मी विसरलेय असं मला वाटत होतं. विसरले नव्हते. शब्दन् शब्द आठवला.

रिक्षात गड्या आबांच्या पायांवर डोकं ठेवून बसला. नाकाच्या वर सूज आली होती. त्यानं आबांना माफ केलं होतं की काय कुणास ठाऊक, पण मी केलं नव्हतं.

"का मारलंत?" मी विचारलं.

बाहेर बघत ते म्हणाले, "तुझ्या दारात आमी दोगं. त्येनं न्हाई ऐकलं तर तुला बोलणी. तुला घर सोडाय लागलं तर?"

"मी म्हटलं होतं का तुम्हाला? कधी म्हटलं होतं का?"

"तू न्हाई म्हनलीस."

मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. उलट राग आणखी वाढला. राग काढायला समोर एकच माणूस असता तर बरं झालं असतं. पण अध्यक्ष, शिट्टीवाला, जिन्यातली पोरं, त्यांच्या आया आणि हे माझे आबा, सगळे त्यात होते. मी घरी येऊन गड्याच्या नाकावर बर्फ धरला आणि आबांशी दोन दिवस कामापुरतंच बोलले.

मग बाईंनी काढलेला तो व्हिडिओ आला. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिट्टीवाल्यानं टाकला होता. आबांची काठी, गड्याचं चपटं होणं, टाळ्या. वर लिहिलं होतं, 'म्हाताऱ्या मालकांनाही जमतं! कणखर व्हा!' खाली लोकांचे अंगठे. तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरत आला. त्यातले अर्धे लोक आबांना क्रूर म्हणत होते आणि अर्धे हसत होते.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सोड की. चार दिवसांत विसरतील."

मी सोडलं नाही. पुढच्या रविवारी मी एकटीच मैदानावर गेले आणि दोन रांगांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. म्हटलं, व्हिडिओ काढून टाकल्याशिवाय इथून हलत नाही. शिट्टीवाला म्हणाला, "मॅडम, पॉझिटिव्ह घ्या, बाबांचं कौतुकच केलंय." मी तशीच उभी राहिले. कुत्रे माझ्याभोवती फिरून वास घ्यायला लागले, अल्सेशियन भुंकायला लागला, कुणाचाच कुणाला मेळ राहिला नाही. नर्सिंगची मुलगी आपल्या कुत्रीला घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग आंधळ्या पॉमेरियनचे म्हातारे मालकही आले. इस्लामपूरच्या बाई आधी म्हणाल्या, त्यात एवढं काय. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी आपल्या मोबाईलमधला व्हिडिओ मला दाखवून पुसला. शेवटी शिट्टीवाल्यानंही ग्रुपवरचा पुसला. माफी मागितली नाही. शिट्टी वाजवून क्लास पुन्हा सुरू केला.

सोसायटीचंही मिटलं, मी मिटवलं. मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं, कुत्रा दोरी लावून फिरेल, आणि माझ्या वडिलांना चिडवणाऱ्या पोरांच्या घरी मी स्वतः जाऊन बसेन, चहा प्यायला नव्हे. परिचारिकेच्या आवाजाला वॉर्डभर पोचायची सवय असते.

आबा मात्र बदलले. म्हणजे ते आल्यापासूनच बदलत होते, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पंखा लावू का. नळ सोडू का. टीव्ही मोठा न्हाई ना. प्रत्येक गोष्ट विचारून. मी चिडायचे, "विचारता काय सारखं?" तर म्हणायचे, "बरं, न्हाई इचारत." आणि पुन्हा विचारायचे.

गावच्या जत्रेला म्हणून चुलतभावाचा टेम्पो आला, तेव्हा मी ड्यूटीवर होते. घरी आले तर कुलूप. किल्ली शेजारी. फोन लावला. मागं टेम्पोचा आवाज होता.

"आबा, न सांगता गेलात?"

"सांगाय काय लागतंय? वाट ठावं हाय मला."

आठवड्यानं परत आले. एकटेच. काठी टेकत गेटमधून आत आले, पिशवीत जत्रेचा शेव-चिवडा. मी त्यांच्या मागं बघत राहिले.

"गड्या कुठंय?"

"ऱ्हायला तिकडं. मेंढरांत सोडला. तितं त्येला काम हाय."

मी तोंड उघडलं. या कुत्र्यासाठी मी अख्ख्या सोसायटीशी वैर घेतलं, भर मैदानात तमाशा केला, ड्यूटी बदलून घेतल्या, रोज सकाळी दोरी धरून फिरवला. आणि यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही! पण तोवर आबा आत जाऊन, मला न विचारता पंखा लावून, टीव्ही मोठा करून बसले होते.

मी शेव-चिवड्याची पिशवी उचलून स्वयंपाकघरात नेली. अजूनही राग येतो. गड्याची दोरी दाराच्या खिळ्याला तशीच आहे, मी काढत नाही, आणि आबाही काढा म्हणत नाहीत.