हॉलमधली दोरी राहणार

आज एजंटने घर सजवून देणाऱ्या बाईंना आणलं. लोणावळ्यातलं आमचं घर विकायचंय. त्यांच्या मते भाड्याचा सोफा आणि खोटी झाडं मांडली की गिऱ्हाईक भुलतं. खर्च अर्थात माझा.

मग हॉलमधली कपडे वाळत घालायची दोरी त्यांना दिसली. "मॅडम, ही काढू. घरात ओल आहे असं वाटतं."

"आहेच ओल. चार महिने पाऊस असतो इथे."

"काकू, ते आपण कशाला सांगायचं?" एजंट म्हणाला.

माझ्या मुलींचे युनिफॉर्म याच दोरीवर वाळले. मी दोघांना चहा दिला आणि सजावट नको म्हणून सांगितलं.

उद्या मुंबईचं जोडपं घर बघायला येतंय. ओल येणारी भिंत मी त्यांना आधी दाखवणार. भाव पडला तर पडू दे.

तुम्ही घर विकताना काय लपवलंत?