काकांनी पारखलेलं मॉडेल

माझा पहिला लॅपटॉप मेला तेव्हा आळीतली मांजरं रडली. खोटं वाटत असेल तर आमच्या गावात, धावड्यात, येऊन विचारा. लग्नाचं शूटिंग मिक्सिंगला लावलं की तो इतका तापायचा, की थंडीच्या दिवसांत गावातली समस्त मांजरं माझ्या टेबलाखाली मुक्कामाला असायची. त्याचा पंखा घरघरायला लागला की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, "आज मळणी कुणाची काढली?" एका दुपारी, पडद्यावर कुणाचा तरी नवरदेव घोड्यावर चढत असतानाच, त्यानं एक लांब उसासा टाकला आणि तो काळा पडला. नवरदेव बिचारा अजून एक पाय रिकिबीत घालून तसाच लटकलेला असेल.

लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि त्या हंगामातलं पहिलं मोठं लग्न घरचंच होतं. माझ्या चुलत बहिणीचं, म्हणजे काकांच्या मुलीचं. त्याला अख्खी पंचक्रोशी लोटणार होती. तिथं जो पिक्चर दाखवील, त्याच्या दारात बाकीचा हंगाम आपल्या पायांनी चालत येणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कारण लोकांची सवय बदलली आहे. पूर्वी लग्नाची कॅसेट पहिलं मूल रांगायला लागल्यावर मिळाली तरी माणसं पेढे द्यायची. आता सकाळची हळद संध्याकाळी मांडवातल्या मोठ्या पडद्यावर दिसली पाहिजे, आणि तीही नवरीच्या अंगावरची वाळायच्या आत. मला ते कधीच जमलं नव्हतं. म्हणून या वेळी वेगवान लॅपटॉप घ्यायचा, असं मी देवासमोर बोलून बसलो होतो.

आता, आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू काकांशिवाय येत नाही. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि तालुक्यातले एक नंबरचे बैलपारखी. लोक सांगतात, म्हणजे बहुतेक वेळा मीच सांगतो, की एकदा त्यांनी फोनवर बैलाचं हंबरणं ऐकून निदान केलं होतं, "मागचा उजवा पाय. पावसाळ्यात लंगडंल." आणि पोळ्याच्या दिवशी तो बैल वेशीतून बराबर लंगडत मिरवला. वडील गेल्यावर माझी पहिली बैलजोडी काकांनी बघून दिली, मोटरसायकल काकांनी, विहिरीवरची मोटर काकांनी. मुलगी बघायलाही काकाच पुढं होते. बायको त्याचा टोमणा अजून मारते: "मला पाह्यला आल्ते तव्हा काका म्हणले, जरा चालून दाखव. मला वाटलं, आता दात बी पाहतेत का काय!"

बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. पारखी खांद्यावरचा टॉवेल काढतो, विकणाऱ्याच्या हातावर टाकतो, आणि त्या आडोशाखाली दोघं एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बाजूला उभ्या माणसाला सुगावा लागत नाही. सौदा जमला की पारखी कमरेच्या डबीतला गुलाल जनावराच्या कपाळाला लावतो. गुलाल लागला की जनावर विकलं, मग साक्षात नंदीवाला महादेव आला तरी ते मोडत नाही. यात एक नियम आहे: ज्या बाजारात तुम्ही दुसऱ्यासाठी पारख करायला गेलात, तिथं त्या दिवशी स्वतःसाठी दोरी धरायची नाही, म्हणजे आपल्यासाठी जनावर घ्यायचं नाही. हा नियम मला काकांनीच शिकवला. एका पारख्यानं तो मोडला होता, तर काकांनी त्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा सोडलं होतं.

तर आम्ही जुन्या जालन्यात गेलो. धान्याच्या आडती आणि कापडाच्या पेढ्या यांच्या मधल्या बोळात ते दुकान होतं. दुकानदार तरुण होता, गिऱ्हाईक बघून भाषा बदलणारा. त्यानं दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले.

"चाचा, हे पिछले साल का मॉडेल. आणि हे नवं, आत्ताच आलंय."

जुनं मॉडेल काळं, जाड, भरल्या अंगाचं. बाजूला सीडी घालायचं तोंड, चारी अंगांनी वायरी खुपसायला भोकं. नवं मॉडेल चंदेरी, इतकं पातळ, की दुकानातला पंखा फुल्ल असता तर उडून समोरच्या गोदामात जाऊन पडलं असतं. मी विचारलं, सकाळचं शूटिंग संध्याकाळी तयार होईल का? तो म्हणाला, "नव्यावर बिलकुल होईल. जुन्यावर पण होईल, भाई, पण दुसऱ्या दिवशी. जरा सब्र लागेल."

माझा जीव नव्यावर तिथल्या तिथं जडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी माझ्या पायावर पाय दिला. बाजारात याचा अर्थ: गप, आवडलं असं दाखवू नको.

काकांनी आधी काळं उचललं. वजन तोललं, पाठीवर थाप मारली, कानाशी नेलं, सीडीचं तोंड उघडून आत बघितलं. मग चंदेरी उचललं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला तोंडच न्हाई."

"चाचा, आता सीडी कोण घालतंय?"

"तोंड न्हाई ते जनावर खाणार काय आन टिकणार काय?" मग मला म्हणाले, "पातळ जनावर पळतं, बाबा. पण नांगराला जुंपलं की बसतं. तुला पळवायचं हाये का नांगरायचं?"

"काका, पळवायचंच हाये," मी हळूच म्हणालो. "ताईच्या हळदीला लागंल."

"ताईच्या हळदीची काळजी तू करू नको. घरचं लग्न हाये. येक दिवस उशीर झाला तर कोण फाशी देतंय? मह्यावर इस्वास हाये का न्हाई?"

हा प्रश्न ज्यानं तुम्हाला पहिली बैलजोडी घेऊन दिली त्यानं विचारला, की त्याला एकच उत्तर असतं. मी ते दिलं.

काकांनी टॉवेल काढला. मला वाटलं दुकानदार हसेल, पण त्याचे आजोबा जनावरांच्या बाजारातलेच निघाले. तो इतका खूश झाला, की बाही सरसावून त्यानं हात पुढं केला. टॉवेलाखाली बोटं हलायला लागली. खूप वेळ हलत राहिली. एकदा थांबली, दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि परत हलायला लागली. मला वाटलं, काय पारखी आहे माझा काका! जालन्याच्या दुकानदाराचं रक्त काढून राह्यला. मी अभिमानानं फुगलो. टॉवेल निघाला, काकांनी डबी उघडली आणि काळ्याच्या झाकणावर गुलालाचं बोट ओढलं. थोडा गुलाल बिजागरीत सांडला. माझा लॅपटॉप ठरला.

"तू रसवंतीत बस," काका म्हणाले. "बस्त्यातला येक शालू राह्यलाय. घेऊन आलोच जल्दी."

ते आले तेव्हा त्यांच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. एसटीत बसल्यावर ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. खाली नको, म्हणाले, पाय लागंल. मी चाचपून बघितलं. शालू सपाट होता आणि पाटीसारखा कडक.

"काका, असा कसा शालू?"

"अस्सल जर हाये. वाकवू नको."

मी वाकवला नाही. भोकरदनपर्यंत आणि भोकरदनवरून पुढं, जिथं जिथं खड्डा आला, आणि तो आमच्या रस्त्याला सोडून कुठं जातो, तिथं तिथं मी ती पिशवी दोन्ही हातांनी वर उचलून धरली. माझा स्वतःचा लॅपटॉप पायाशी आदळत होता. बहिणीच्या लग्नाचा शालू तो, माझ्यामुळं त्याची जर तुटली असं व्हायला नको.

गावात आल्यावर मी काय काय सांगितलं ते आठवलं की कान गरम होतात. पहिल्या दिवशी सांगितलं, काकांनी दुकानदाराला घाम फोडला. दुसऱ्या दिवशी तो रडला. आठवड्याच्या आत तो दुकान बंद करून हिमालयात निघून गेला होता. आणि नवं मॉडेल? काकांनी नुसतं बोट लावलं तर पापडासारखं मोडलं! पारावर, गिरणीत, सोसायटीच्या ओट्यावर, नवं मॉडेल कसं कुचकामी याची दवंडी मी फुकटात पिटली. काका ऐकायचे, मिशीत हसायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, मोठा माणूस आहे, स्वतःची तारीफ स्वतः करत नाही.

हळदीच्या दिवशी मी उजाडायच्या आत कॅमेरा घेऊन काकांच्या अंगणात उभा होतो. माझा चुलत भाऊ, नवरीचा भाऊ, पुण्याच्या कंपनीतून आला होता. त्याच्याही गळ्यात कॅमेरा होता.

"हे काय रे?" मी विचारलं.

"काही न्हाई दादा, हौस."

हौस म्हणून मी त्याला दोन गोष्टी शिकवल्याही. उन्हाकडं तोंड करून धरू नको म्हटलं. हळद उरकली तसा मी ओसरीवर बसून काम लावलं. काळ्याचा दोष नव्हता. ते इमानदारीनं, मान खाली घालून निघालं. पडद्यावरची हिरवी पट्टी गाभण म्हशीच्या चालीनं सरकत होती. दिवस कलला, मांडवात दिवे लागले, पट्टी अजून निम्म्यातच. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, घरचं लग्न आहे.

आणि मांडवातला मोठा पडदा उजळला. गाणं वाजलं. पडद्यावर ताई होती, सकाळचीच, गालाला हळद, डोळ्यांत पाणी, आणि वरून ताज्या फुलांचा पाऊस. अख्खा मांडव ओरडला. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. काका माइकवर आले.

"मंडळी, पोरगं आता गावातच राहणार हाये. यंदापासून लग्नाची शूटिंग करणार हाये. लक्ष असू द्या."

मी पडद्यामागं गेलो. भाऊ खुर्चीवर बसला होता. त्याच्यासमोर चंदेरी मॉडेल उघडं होतं. पंख्याचा आवाज नाही, घरघर नाही, काही नाही. आणि त्याच्या बिजागरीत गुलाल होता.

आधी मला खरंच हसू आलं. शालू! तो शालू मी मांडीवर आणला होता. खड्ड्या-खड्ड्याला वर उचलून धरला होता. माझं आदळू दिलं आणि त्याचं सांभाळलं. मग हसू जिथं आलं होतं तिथंच अडकलं.

काका आचाऱ्याच्या चुलाणापाशी सापडले.

"काका, त्याच्या लॅपटॉपला गुलाल कशाचा?"

"लग्नघर हाये बाबा. गुलाल कुढं बी लागतो."

"बिजागरीत?"

काकांनी चुलाणातलं एक लाकूड उगाच आत सारलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कंपनीनं काढलं त्याला. पोरीच्या लग्नाआधी बोभाटा नको म्हून बोललो न्हाई. त्याच्या हाताला कायतरी पाह्यजे होतं."

"मंग मला सांगायचं ना. मी न्हाई म्हणलो असतो का? दोघांनी बी नवं घेतलं असतं."

"येका गावात दोन पळणारे बैल असले तर शर्यत कोणी जिंकायची?" ते म्हणाले. मग आवाज चढवला. "आन तुला काय खराब दिलं का? सांग ना! खराब हाये का ते?"

हेच तर. खराब नव्हतं. खराब दिलं असतं तर मी गावभर बोंबललो असतो, आणि बोंबलण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. त्यांनी मला चांगलं, दणकट, इमानी जनावर बघून दिलं आणि शर्यतीतून माझं नाव काढून टाकलं.

"काका, तुम्ही दोरी धरली," मी म्हणालो. "मह्यासाठी पारख करायला येऊन, त्याच बाजारात."

त्यांनी ऐकलं. मला माहीत आहे, ऐकलं. पण त्यांनी आचाऱ्याला विचारलं, "बुंदी पुरंल ना?" आणि ते पंगतीकडं निघून गेले.

हंगाम भावाच्या दारात चालत गेला. माझ्याकडं उरली घाई नसलेली माणसं: वर्षश्राद्ध, गुरुजींची सेवानिवृत्ती, एकसष्टी. काळ्याला ते मानवतं. ते काम करत असताना मी शेतावर जाऊन येतो.

एक गोष्ट मात्र भावाच्या पिक्चरमध्ये नाही. पाठवणी. तेव्हा तो नवरीचा भाऊ होता. कॅमेरा खाली ठेवून तो ताईच्या गळ्यात पडला, आणि मग कुठला कॅमेरा नि कुठलं काय. मी मात्र सवयीनं उभा होतो, डोळा लावून. गाडी हलली तेव्हा काका तिच्यामागं वेशीपर्यंत अनवाणी पळत गेले, टॉवेल तोंडात कोंबून. ते सगळं माझ्याकडं आहे. दुसऱ्या कुणाकडंही नाही.

काकांना ते कळलं तसे ते यायला लागले. बसतात, चहा घेतात, पावसापाण्याचं बोलतात. मग उठता उठता, "ते पाठवणीचं झालं का रे? तुही काकी रोज इचारून राह्यली."

"चालू हाये काका. मजबूत हाये, पण सावकाश हाये. तुम्हीच पारखलंय ना."

ते मान डोलवतात आणि जातात. बायको आतून म्हणते, "अहो, देऊन टाका ना. कधीचं झालंय ते!" झालंय तर. लग्नाच्या हप्त्यातच झालं होतं. तयार करून मी ते एकट्यानं पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि बंद करून ठेवलं. मला त्यांच्याकडून फार काही नको आहे. 'धरली बाबा दोरी', एवढे तीन शब्द बस्स.

परवा आले तेव्हा काका नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. चहा निवला. टेबलावर काळं मॉडेल झाकण मिटून पडलं होतं, बिजागरीत अजून गुलाल. ते त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात माझ्यापुढं केला.

टॉवेलाखाली बोटं वाट बघत होती. कदाचित ते तीन शब्द त्या बोटांत असतील. पण टॉवेलाखाली काय बोललं जातं ते बाजूच्याला कळत नाही, आणि मला ते ऐकायचं होतं, उजेडात, बायको आतून ऐकत असताना.

मी हात घातला नाही. म्हणालो, "काका, चहा गरम करून आणायला सांगू?"