विलासची आवडती वस्तू

परवा आमच्या अंबरनाथच्या घरी विलासचं पान होतं, पितृपक्षातलं. विलास माझा थोरला मुलगा... दारूने गेला. नातेवाईक 'लिव्हरने गेला' असं सांगतात. जसं काही लिव्हर बाहेरून येऊन त्याला चावलं.

मी चौथी शिकलेली. फोनशी बोलतेय आणि फोन लिहितोय. शब्द चुकले तर फोनचे, राग माझा.

विलासच्या बायकोने, रंजनाने, सगळं साग्रसंगीत केलं होतं. भात, खीर, वडे, आणि वालाचं बिरडं. पान पत्र्यावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत बसलो. तो शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही ना... पण कावळे हल्ली चायनीजच्या गाडीमागे असतात, त्यांना तिथे बरं मिळतं.

तेवढ्यात बाळ्या आला. उल्हासनगरला जीन्स धुवायच्या कारखान्यात विलासबरोबर कामाला होता तो. खिशातून पेपरात गुंडाळलेली क्वार्टर काढली आणि देवापुढे नारळ ठेवावा तशी पाटावर ठेवली.

"काकी, विलासची आवडती वस्तू. पानावर ठेवा, नायतर कावळा शिवायचा नाय."

माझे दीर, नाना, जांभूळहून आले होते. ते लगेच मान डोलवायला लागले. "बरोबर बोलतोय तो वहिनी. मेलेल्याची वासना राहू देऊ नये. आणि मग प्रसाद म्हणून दीपक घेईल एक घोट. भावाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये."

दीपक माझा धाकटा. तोही थोरल्याच्याच वाटेने निघाला होता. गेल्या वर्षीच्या गणपतीत सोडली... गोळ्या घेऊन, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाऊन, रात्र रात्र थरथरत, अंथरूण घामाने भिजवत. ते सगळं नानांना ठाऊक आहे. तरी जिभेला हाड नाही.

दीपकने बाटलीकडे बघितलं. मी दीपककडे बघितलं. रंजनाच्या हातातला डाव तसाच राहिला.

आता सांगते, ही 'आवड' कुठून आली ते. विलास पीत पीत जन्माला आला नव्हता. दिवसभर रंगाच्या पाण्यात उभा राहायचा, घरी यायचा तो कोपरापर्यंत निळा. ब्लीचचा वास घशातून जाईना, अन्न गोड लागेना. तेव्हा ह्याच बाळ्याने अक्कल शिकवली, एक मार, घसा साफ होतो.

झाला की घसा साफ. मग पगार साफ झाला, तांब्याची भांडी साफ झाली, शेवटी तोच साफ झाला.

नाना रंजनाकडे वळले. "तू सांग गं, तुझ्या नवऱ्याला आवडायची की नाही?"

रंजना कधी उलटून बोलत नाही. परवा बोलली. "आवडायची ना काका. माझ्या मंगळसूत्रापेक्षा जास्त आवडायची."

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, आवडती वस्तू? मेल्यांनो, शेवटी शेवटी तो रडत प्यायचा. ग्लास दोन्ही हातांनी धरायचा, तरी सांडायचा, आणि रडायचा. आवडीची वस्तू कोणी रडत रडत खातं का? त्याला आवडायचं वालाचं बिरडं. वाटी भाकरीने पुसून ठेवायचा, धुवायची गरज पडायची नाही. ते एकाच्या तरी लक्षात आहे का?

बाळ्या पुटपुटला, "काकी, मी प्रेमाने आणली होती." प्रेमाने! विलासच्या आजारपणात हे प्रेम एकदा तरी शहाळं घेऊन आलं का?

बाटली उचलली आणि मोरीत ओतली. दोन बादल्या पाणी टाकलं तरी वास हटेना... बघा, ही असली वस्तू माणूस पोटात ठेवतो.

मग परत वाट बघणं. कावळा काही येईना. नाना म्हणाले, "बघा, सांगत होतो. आता पितर कोपतील."

म्हटलं, कोपू दे. जिवंत होता तेव्हा रोज कोपायचा, मला सवय आहे.

आणि मी पत्र्यावरून पान खाली काढलं. दीपकच्या पुढ्यात ठेवलं. "जेव. मेलेल्याला वाढून झालं, आता जिवंत माणूस जेवेल." नाना उठले, चपला घातल्या, न जेवता गेले. बाळ्याही त्यांच्यामागून गेला. जाऊ दे. दोन ताटं कमी घासावी लागली.

दीपक खाली मान घालून जेवला. बिरडं दोनदा मागून घेतलं. हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, तू ओतली नसतीस ना... तर मी घेतली असती."

मी त्याला टॉवेल दिला. थोरला कधी असं खरं बोलला नाही, 'घेतलीच नाही' म्हणत गेला. हा बोलला. परवाच्या दिवसात मला मिळालं ते एवढंच, आणि ते कमी नाही.

ज्यांच्या घरात कोणी सोडायची धडपड करतंय, त्यांच्याकडे जाताना 'एकाने काय होतंय' हे वाक्य बाहेर चपलांजवळ ठेवून या. नाही जमलं तर येऊच नका. आग्रह करणारा घोटापुरता असतो, निस्तरायला आम्ही असतो.

आणि हो... आमची जेवणं झाल्यावर कावळा आला. पान काढताना पत्र्यावर चार शितं सांडली होती, ती टिपली आणि गेला. त्याला काही बाटली लागली नाही. ती माणसांना लागते, आणि नाव कावळ्याचं.