चुलीवरच्या शिंक्यातल्या मोटारी

आमच्या घरात काहीही बिघडलं की त्यावर एकच औषध असायचं, मुशीचं तेल, लहान शार्क माशाच्या काळजातून काढलेलं. होडीच्या फळ्यांना ते, बाबांच्या गुडघ्यांना ते, आणि खोकला झाला की नाक दाबून चमचाभर पोटातही तेच. त्याचा वास आमच्या कपड्यांतून कधी गेलाच नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली नाक मुरडायच्या, आणि मी मुद्दाम त्यांना खेटून बसायची. पुढे हेच तेल माझ्या दादाच्या डोळ्यांसाठी वापरलं आणि त्याच्या मोटारींसाठीही वापरलं. दोन्हीकडे काय झालं ते सांगायला बसले आहे. ऐकून कुणाला बरं वाटेल असं त्यात काही नाही.

इंग्रज गेला त्या वर्षी किहीमच्या माडांच्या वाडीतल्या एका बंगल्यातलं गोऱ्यांचं बिऱ्हाडही उठलं. आई त्या बंगल्यावर मासळी घालायची. सामान बांधताना मडमेनं तिला दोन जुने टॉवेल, एक किटली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. डब्यात नऊ मोटारी होत्या. बोटाएवढ्या, ओतीव धातूच्या, हातात घेतल्या की थंडगार आणि दिसतात त्याहून जड. मडमेचे मुलगे त्यांच्याशी खेळून मोठे झाले होते, त्यामुळे बहुतेकींचा रंग उडालेला आणि तिघींना चाकं नव्हती. आई किटलीवर खूश होती. डबा तिनं माझ्यापुढे टाकला.

मी तेव्हा बारा वर्षांची. दादा सोळाचा, बाबांबरोबर होडीवर जाणारा. डबा बघून त्याचा चेहरा असा काही झाला की मला लगेच भाव खावासा वाटला. जत्रेतून हिरव्या बांगड्या आणायचं कबूल करून घेतलं तेव्हाच डबा त्याला दिला. त्या बांगड्या अजून यायच्या आहेत.

नारळी पौर्णिमेच्या आधी कोळीवाड्यात होड्या रंगवतात. डब्यांच्या तळाशी जो रंग राहायचा तो दादा नारळाच्या करवंट्यांतून घरी आणायचा. माझ्याच वेणीचे केस कापून त्यानं कुंचला केला, आणि तोही मला न विचारता. चाकांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून चढवली. कल्हईवाल्याकडून डाग द्यायला, म्हणजे कथील वितळवून सांधायला शिकला, पण या धातूला डाग धरत नाही हे एका मोटारीचं नाक वितळल्यावर कळलं. मग पत्रा कापून, कानशीनं घासून, दुमडून बसवायचा आणि सांध्यात होडीत भरतात तशी राळ भरायचा. दोनतीन वर्षांत त्या नऊ विलायती मोटारी आमच्या रस्त्यावरच्या झाल्या. एकीची झाली बर्फाची लॉरी, एकीची टपालाची मोटार, एक अलिबागच्या डॉक्टरांची काळी गाडी, तिचा पुढचा दिवा फुटलेला होता तो तसाच फुटका. सगळ्यांत मोठी होती तिची एस.टी. केली. तेव्हा एस.टी. निळी असायची, वरून चंदेरी. मागची शिडी त्यानं तांब्याच्या तारेची केली, आणि टपावर सुक्या बोंबलाच्या टोपल्यासुद्धा ठेवल्या, मसुराच्या डाळीएवढ्या. मी त्याला वेडा म्हणायची आणि तो नसला की डबा उघडून बसायची.

मग तो अडखळू लागला. तिन्हीसांजेला होडीवरून उतरला की दोरखंडात पाय अडकायचा, बाजूनं कुणी आलं की धडक व्हायची. बाबा ओरडायचे, "डोले हायत का खोबरी?" एकदा शीड उतरवताना डोलकाठीशेजारचा माणूस त्याला दिसलाच नाही. तो माणूस पाण्यात पडला. वाचला, पण त्या दिवसापासून दादाला कुणी होडीवर घेईना, बाबासुद्धा. आईनं मुशीचं तेल सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. रातांधळेपणाला आमच्यात तेच देतात, आणि कितीतरी जणांना त्यानं गुण आलेला मी पाहिला आहे. दादाला नाही आला.

शेवटी रेवसवरून लाँचनं मुंबईला नेलं. मोठं इस्पितळ. डॉक्टरांनी बत्ती टाकून बराच वेळ पाहिलं, मग बाबांना आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "पडदा आतून जातोय. जन्माचंच आहे, त्याला औषध नाही. आता नळीतून बघितल्यासारखं दिसेल, पुढे तेही नाही." बाबांनी आत जाऊन दादाला सांगितलं, "तेल चालू ठेव म्हंतात. वेल लागंल." मी शेजारीच उभी होते. माझं तोंड कधी मिटत नाही असं अख्खा कोळीवाडा म्हणायचा. त्या दिवशी मिटलं.

दादाला ते कळलं, पण आमच्याकडून नाही. ओट्यावर तो नऊ मोटारी ओळीत लावायचा, पाटावर ठरलेल्या जागी बसायचा आणि मान न हलवता किती दिसतात ते बघायचा. आधी सहा दिसायच्या. पुढच्या दिवाळीत चार. मी बोंबील वाळत घालता घालता बघायची आणि मला वाटायचं, एवढा मोठा बाप्या झाला तरी पोरखेळ सुटत नाही. एक दिवस त्यानं मला हाक मारली.

"बाय, तीन ऱ्हायल्या."

"कंच्या तीन?"

"डाक्तर काय बोलला तं मना ठाव हाय. बा खोटा बोलला. तू गप ऱ्हायलीस."

मी रडायला लागले तर तो चिडला. म्हणाला, "रडू नको. शपथ घे. यापुढं मना कोनी खोटं सांगायचं न्हाय. तू तर न्हायच." मी त्याच्या गळ्याची शपथ घेतली.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मी दुसऱ्या कुणी केलेलं पाहिलं नाही. तो आंधळेपणाची तयारी करू लागला. अजून दिसत होतं तोवर एक मोटार घ्यायची, डोळ्यांजवळ धरून पोटभर बघायची, मग डोळे मिटून तीच बोटांनी चाचपायची. पुन्हा बघायची, पुन्हा चाचपायची. जिथे बोटांना काही लागत नव्हतं तिथे त्यानं खुणा केल्या. निळा रंग सुरू होतो तिथे एक रेघ, चंदेरी लागतो तिथे दोन. माणसं, माड, होडी, समुद्र, हे सगळं त्याच्या नजरेत मावेनासं झालं होतं. एवढीशी मोटार मात्र अख्खी मावायची. मला म्हणाला, "उद्या काय दिसलं न्हाय तरी ह्या हातात घेतल्या की मना रस्ता दिसंल." मी म्हणाले, दिसेल. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

माझं लग्न कोळीवाड्यातच झालं, दोन घरं सोडून. ज्या वर्षी आई गेली त्याच वर्षी दादाचा उजेड पुरता गेला. बाबा दिवसभर खाडीवर. दुपारी मी दादाला जेवण घेऊन यायची आणि तेवढ्यात त्याची चूल पेटवून रात्रीचा भातही टाकायची. जेवण झालं की तो हात धुऊन पुढे करायचा. मी एकेक मोटार द्यायची. तो बोटं फिरवायचा आणि बोलायचा, ही लॉरी आता बर्फ घेऊन निघाली, बर्फ वितळतंय, डायव्हर शिव्या घालतोय. तेवढा तासभर तो पहिल्यासारखा असायचा. उरलेला दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्याला बुरशी येते. जे सादळू द्यायचं नाही ते चुलीवर टांगायचं, ही कोळणीची पहिली शिकवण. सुकी मासळी, मीठ, बियाणं, सगळं चुलीवरच्या शिंक्यात. दादानं डबा माझ्या हातात दिला, म्हणाला, "तू सांभाल." मी प्रत्येक मोटारीला मुशीचं तेल चोळलं, फडक्यात गुंडाळली आणि डबा आईच्या चुलीवरच्या शिंक्यात ठेवला. त्याच्याखाली रोज भात रटरटायचा. तीन पावसाळे मी तसंच केलं.

चौथ्या वर्षी टपालाच्या मोटारीच्या अंगावर केसाएवढ्या भेगा दिसल्या. मला वाटलं खाऱ्या हवेचा परिणाम. आणखी तेल चोळलं. महिन्याभरात ती फुगल्यासारखी झाली, दार पिळवटलं, आणि एके दिवशी फडकं उघडलं तर आत करड्या रंगाचा चुरा. मग डॉक्टरांची गाडी. मग आणखी तीन. दादाला मी काय सांगणार होते? मी त्याला उरलेल्या मोटारी आळीपाळीनं देऊ लागले. त्यानं टपालाची मागितली तर म्हणायची, "चाक निघालंय, लावायला दिलंय." डॉक्टरांची मागितली तर, "काल तर घेतलीस की." शपथ मोडताना जीभ एकदाही अडखळली नाही, याचंच मला अजून नवल वाटतं.

त्या सुमारास मडमेच्या जुन्या बंगल्यात मुंबईचे एक गृहस्थ राहायला आले होते. त्यांचा धातू ओतायचा कारखाना होता. मासळी घालायला गेले तेव्हा मी तो चुरा पदराच्या गाठीतून नेऊन दाखवला. त्यांनी तो बोटांवर चोळून बघितला. म्हणाले, "हे जस्त आहे बाई. ओततानाच त्यात शिसं मिसळलं गेलंय. असा माल आतून कुजतो, वरून काही लावून उपयोग नाही."

मी विचारलं, "कशानंच थांबत न्हाय?"

"थांबत नाही. कोरड्या थंड जागी ठेवलं तर बरीच वर्षं निघतात. ऊब आणि वाफ लागली की मात्र झपाट्यानं जातं. तुम्ही कुठे ठेवलं होतं?"

मी टोपली उचलली आणि बोंबलाचे पैसेही न घेता घरी आले. डबा चुलीवरून काढला तेव्हा आत चार शिल्लक होत्या. गारव्याला माठामागे ठेवला, पण दिवाळीपर्यंत तीन गेल्या. एस.टी. तेवढी राहिली. आमचा एक मामा जहाजावर खलाशी होता. त्यानं परदेशातून दोन नव्याकोऱ्या मोटारी आणून दिल्या, सुंदर, उघडणाऱ्या दारांच्या. दादानं त्या हातात घेतल्या, एकदा फिरवल्या आणि खाली ठेवल्या. "ह्या मी बघितल्याच न्हायत," म्हणाला. "ह्यांच्यात काय दिसनार?"

एस.टी.लाही भेगा होत्या. मी ती त्याला महिन्यातून एकदाच द्यायची, तीही माझा हात त्याच्या हाताखाली धरून. बाकीच्यांची विचारपूस त्यानं हळूहळू सोडून दिली होती. मला वाटलं विसरला. माझ्यासारखी मूर्ख मीच.

त्या दुपारी त्यानं जेवण अर्धं टाकलं आणि हात पुढे केला. "एस.टी. दे." मी दिली. त्यानं शिडीवरून बोट फिरवलं, टपावर नेलं, टोपल्यांवर आणलं. मग माझा हात बाजूला सारला आणि दोन्ही हातांत ती घट्ट धरली. मी ओरडेपर्यंत टप मधोमध मोडला होता. करकर असा बारीक आवाज झाला. दादा थांबला नाही. तुकडे बोटांत घेऊन तो एकेक चुरडत गेला, धान्य बघावं तसा.

"बाकीच्या कवा गेल्या?" त्यानं विचारलं.

मी म्हणाले, "हायत ना. डब्यात हायत."

तोंडातून हेच निघालं. त्याच्या मांडीवर तो करडा चुरा पडलेला, तांब्याची शिडी तेवढी अख्खी, आणि मी म्हणाले, हायत.

त्यानं मांडी झटकली, भिंत धरत उठला आणि आत जाऊन पडला. मी तिथेच बसून सगळं सांगितलं, टपालाच्या मोटारीपासून, चूल, वाफ, तो गृहस्थ, सगळं. त्यानं ऐकलं की नाही ते मला कळलं नाही.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. मी रोज जेवण नेलं आणि तो रोज जेवला. पण त्याला काही हवं असलं की माझ्याकडे मागायचा नाही. मी शेजारी बसलेली असताना तो चाचपडत माठापर्यंत जायचा, पाणी सांडायचा, ओल्या जमिनीवरून घसरायचा. मी हात धरायला गेले की माझा हात अलगद बाजूला काढायचा आणि विचारायचा, "कोन हाय?"