घर नाय म्हणून सांगायचं

तोंडवलीत एका म्हातारीचं करायला मी नऊ वर्षं होते. तिचं अंग पुसायचं, पेज भरवायची, कूस बदलायची. माझ्याहून ती पंधरा वर्षांनी मोठी. त्या घरात आम्ही दोघीच, मुलगा-सून मुंबईला. ती गेली, तेरावा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सुनेने माझ्या हातात साडी ठेवली. म्हणाली, "आजी, तुम्ही खूप केलंत. आता घरी जा. आराम करा."

मी म्हटलं, "होय, जाते."

कुठलं घर ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एवढ्या वयाच्या बाईला कुठेतरी घर असणारच, असं तिला वाटलं. नवरा गेल्यावर वर्षभरात मी त्याच्या घरातून बाहेर पडले होते. तिथे दिराच्या मुलांनी स्लॅब घातला. मूलबाळ नाही. पण दारात गाडी उभी, चार माणसं बघतायत, तेव्हा मला घर नाही हे तोंडातून येईना. म्हातारीच्या मुलाने मला मालवणच्या स्टँडवर सोडलं. पिशवी स्वतः उचलून बाकड्यावर ठेवली. "सांभाळून जा हां," म्हणाला. घराला कुलूप घालून ते मुंबईला गेले.

मी बसून राहिले. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. त्यातली माझी कुठली ते मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी कुडाळच्या गाडीत चढले. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट. कंडक्टरने आधार कार्ड बघितलं, शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं, आणि तिथून ते सुरूच झालं. मालवण ते कुडाळ, कुडाळ ते कणकवली, कणकवली ते वैभववाडी, परत खाली. एका जागी बसलं की माणसं बघतात. चालत्या गाडीत कोण बघत नाही. एका स्टँडवर दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. केस विंचरलेले, पिशवीचं तोंड बांधलेलं. कोणी विचारलं तर शेवटची गाडी चुकली. वैभववाडीत सांगायचं, माहेरी चाललेय. मालवणात सांगायचं, मुलीकडे.

एक कंडक्टर ओळखायला लागला. "काय गो आजी, परत? चेडवाकडे जीव रमणा नाय?"

"नाय रे. नातवंडा सोडनत नाय," मी म्हटलं.

सगळी गाडी हसली. मीही हसले. पुढच्या वेळी त्याने नातवंडांची नावं विचारली, तीही दिली. मग त्याची गाडी टाळायला लागले.

कुडाळच्या स्टँडवर एक माणूस असायचा. दाढी छातीपर्यंत, अंगात एकावर एक दोन शर्ट. सगळे त्याला येडो म्हणायचे. तो बाकड्यावर येऊन बसला की मी पिशवी मांडीवर घ्यायची आणि उठून पलीकडे जायची. मी प्रवासी आणि तो तसला, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. एके दिवशी तोच बोलला.

"म्हातारे, पिशयेत सोना आसा काय? इतकी घट धरतंस ती?"

मी तोंड फिरवलं.

"मीच तुका भियालंय. वाटला, बऱ्या घरातली बाई, आता पोलिसाक सांगतली नि माका हंयसून उठवतले. मगे बघलंय, तू नळार लुगडा धुलंस नि बाकड्यार वाळत घातलंस. गाडयेक जाणारी बाई लुगडा वाळत घालता?"

"माजी गाडी उशिरा आसा."

"खंयची?"

"वैभववाडीची."

"ती गेली मगाशी. तुज्या फुड्यातसून गेली." आणि दात नसलेलं तोंड उघडून हसत बसला.

मला असा राग आला की चार दिवस कुडाळला गेले नाही.

परत गेले तेव्हा गणपतीची चवथ पंधरा दिवसांवर होती. स्टँडवर समोरून म्हातारीची सून आली, हातात बाजाराच्या पिशव्या.

"अगं बाई, आजी! कुठे निघालात? घरी सगळे ठीक ना?"

"ठीक."

"तब्येत उतरलीय तुमची. घरचे कामाला लावतात वाटतं!" ती हसली. मग म्हणाली, "काल घर उघडलं, तर नुसती बुरशी. देवघराला वाळवी. तुमच्या ओळखीत कोणी आहे का? नुसतं राहायचं, संध्याकाळी दिवा लावायचा. चावी देऊन टाकू. विश्वासातलं पाहिजे हो, तुमच्यासारखं."

आणि मी काय म्हणाले? "बघते."

ती बाजारात गेली. बाकड्यावरून त्या दाढीवाल्याने सगळं ऐकलं होतं.

"शाबास! घर चलान तुज्याकडे इला, नि तू तेका फुडची वाट दाखयलंस."

"गप रव रे."

"सांग मगे तिका. काय जातला तुजा?"

काय जाणार होतं ते मला माहीत होतं. अख्ख्या जिल्ह्यात ती एक बाई मला घर असलेली समजत होती. पण पाऊस होता, गुडघे धरले होते, बाकड्यावरून उठताना दोन वेळा टेकावं लागे. मी उठले.

ती मखराच्या दुकानात होती. दुकानदार मला म्हणाला, "येवा मावशी, बसा." मी बसले नाही. तिला म्हटलं, "तुम्हाला पाहिजे ते माणूस मीच. मला घर नाही. तुम्ही सोडलंत तेव्हापासून स्टँडवरच आहे."

ती कागदी फुलं चाळत होती, तो हात थांबला. "म्हणजे झोपता कुठे?"

"बाकड्यावर."

तिने माझ्या साडीकडे बघितलं, पायांकडे, पिशवीकडे. मघाशी याच साडीत मी तिला बरी दिसले होते. "अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" आवाज असा चढला, जशी मीच तिला फसवून गेले होते. मग हळू म्हणाली, "ह्यांना विचारते. गुरुवारी या घरी."

दुकानदार म्हणाला, "होय गो, फुडे हो जरा. गिऱ्हायका आसत."

गुरुवारपर्यंत मी नुसती फिरले. एका गाडीत बसलं की दुसरीत असायला हवं होतं असं वाटे. मधेच उतरायची, परत चढायची. बुधवारी कुडाळला दाढीवाल्याला सांगितलं.

"उद्या गेलंस की परत हंय येव नको," तो म्हणाला.

"नि इलंय तर?"

"तर बाकडो आसा." तो सरकून बसला. मी त्याच्या बाजूला टेकले. पिशवी खाली ठेवली.

गुरुवारी सून पडवीतच उभी होती. म्हणाली, "मागचा नारळ ठेवायचा मांगर झाडून ठेवलाय. तिथे राहा. घराची चावी शेजारच्या वहिनींकडे दिलीय. वाईट वाटून घेऊ नका, आजकाल काही सांगता येत नाही."

नऊ वर्षं त्या घराच्या चाव्या माझ्या उशाखाली होत्या. छप्पर पाहिजे होतं, ते मिळालं.

आता रोज सकाळी शेजारीण येऊन कुलूप काढते. मी केर काढते, लादी पुसते, ती उंबऱ्यात उभी असते. संध्याकाळचा दिवाही तीच लावते. बाई वाईट नाही. माशाचं कालवण केलं की वाटीभर मांगरात आणून देते. परवा तिला म्हटलं, "बस गो जरा. पाय दुखतले."

"नको, मी उभीच बरी," ती म्हणाली. मी केरसुणी घेऊन आतल्या खोलीत गेले, तर तीही मागोमाग आली.