शेवट आधी वाचणारी माणसं

मावशीचा मेसेज आला की आमच्याकडे आधी शेवटची ओळ वाचतात. हसू नका, त्याला कारण आहे.

मावशीने जन्मभर शाळेत निबंधलेखन शिकवलं. आराखडा काढल्याशिवाय ती कुणाला पेन उचलू देत नसे, म्हणून मुलं तिला आराखडाबाई म्हणत. घडलेली हकिकत काळाच्या क्रमाने सांगा, दोन गोष्टी असतील तर समोरासमोर उभ्या करा, तक्रार असेल तर आधी अडचण आणि मग उपाय. प्लंबरलासुद्धा ती याच क्रमाने झापायची. पण तिचा सगळ्यात लाडका क्रम म्हणजे किरकोळ आधी आणि वजनदार शेवटी. वाचकाला एकेक पायरी वर न्यायचं, म्हणायची. आणि मध्यभाग ही वाचकाची डुलकी काढायची जागा, तिथे मोलाचं काही ठेवलंत तर ते हरवलंच समजा.

हे सगळं वहीत ठीक होतं. पण आजोबा पडले तेव्हाही तिने असंच कळवलं. जिन्यातला दिवा गेला होता, सांगूनही कुणी बदलला नाही, पायरीवर कुणीतरी पाणी सांडलं, त्याला तिने काय सुनावलं, आणि सगळ्यात शेवटी, बाबांना दवाखान्यात ठेवलंय. आईने कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून आम्ही तिचं शेपूट आधी तपासतो. ते ठीक असलं की जीव भांड्यात पडतो आणि वरचं वाचायचं राहूनच जातं.

त्या दिवशी सकाळी मेसेज आला. आईने अंगठ्याने सरसर खाली सरकवला. "गुलाबाला कळी आलीय, म्हणते," ती म्हणाली आणि फोन ठेवून कणीक मळायला बसली.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. मी जात्याच भित्री, हे खरं. पण मावशीचं लिहिणं गुलाबाच्या कळीवर संपतं? ती बाई साध्या सर्दीलाही चढत्या क्रमाने लिहिते. मी फोन उचलून पहिल्यापासून वाचलं. नळ गळतोय. नव्या विद्यार्थ्याला सुरुवात करताच येत नाही. मग मांजर. मांजरीचं तर पुराणच होतं; शेजारच्या आजींकडे ती नीट राहत नाही, पडदे ओरबाडते, दूध कोमटच लागतं. मग गुलाब. काहीच नव्हतं. तरी मी फोन खाली ठेवला नाही.

मांजर शेजारी कशाला? परिणाम दिसला की कारण शोध, हे तिनेच मला कान पिळून शिकवलेलं. मी पुन्हा मांजरीपाशी आले. पडदे आणि दूध यांच्या मधोमध लिहिलं होतं, "उद्या गाठ काढून मी घरी येईपर्यंत तिला तिथेच राहावं लागणार."

"आई," मी म्हटलं, "कणीक राहू दे."

मावशीचा फोन लागेना. ती एकटी राहते, आमच्यापासून बसने अर्ध्या दिवसावर. बस प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती आणि प्रत्येक थांब्यावर आई विचारत होती, "कसली गाठ गं? कुठे?" मला काय माहीत! मी तिच्यावर खेकसले, मग तिचा हात धरून बसले. घराला कुलूप होतं. शेजारच्या आजी मांजर काखोटीला मारून बाहेर आल्या. "दुपारीच गेल्या, एकट्याच," त्या म्हणाल्या आणि दवाखान्याचा पत्ता सांगितला.

आई डॉक्टरांना गाठायला गेली आणि मी वॉर्डात शिरले. मावशी खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. दवाखान्याच्या ढगळ कपड्यांत ती एवढीशी दिसत होती.

"मधलं वाचलंस," ती म्हणाली.

"मध्ये का लिहिलंस?" माझा आवाज चढला. "सरळ फोन करायला काय झालं होतं?"

"फोनवर माझा आवाज ऐकून ताई तिथेच कोसळली असती. आणि तुम्ही शेवट आधी वाचता, हे मला काय ठाऊक नाही? सांगायचं तर होतं, घाबरवायचं नव्हतं. राहिली ती मधलीच जागा."

"आणि आम्ही वाचलंच नसतं तर?"

तिने चादरीची सुरकुती सारखी केली. मला तिचा इतका राग आला होता की रडू फुटलं.

मी तिच्याजवळ बसले. ती काहीतरी बोलणार हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं आणि मी सवयीने मन घट्ट करून थांबले. आता नळ येणार, मग तो विद्यार्थी, मग मांजर. खरं काय ते कळायला सगळे जिने चढावे लागणार.

तिने माझं मनगट धरलं. हात गार होता.

"मला भीती वाटतेय गं," ती म्हणाली.

मग नळाचं सांगायला लागली.